जबड्याच्या हाडाचा फोटो



मागल्या खेपेला आम्ही दात कसे घासावे ते सांगितले. तेव्हा मागे बसलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, "ज्याईले दातच नाही, त्याईनं काय घासावं?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न खरा होता. म्हणून आज दात नसलेल्यांसाठी बोलू.

या आजी मेहकर तालुक्यातल्या. दात पडून बारा वर्षे झालेली. बाजारात कोणीतरी करून दिलेली कवळी त्या लावत. वरची कवळी बरी बसे. खालची बोलताना उडे. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करूनच खावी लागे. लग्नाच्या पंगतीला त्या जातच नसत. त्यांच्या मुलाने ऐकले होते की, आता हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावतात. तो आजींना घेऊन आमच्याकडे आला. आम्ही म्हटले, आधी फोटो काढू.

आजी म्हणाल्या, "तोंडात दातच नाही, तं फोटू कायचा काढता?"

फोटो दातांचा नव्हे, हाडाचा.

दात असतो तोवर तो हाडाला कामाला लावतो. दात गेला की हाडाचे काम सुटते. मग हाड झिजू लागते. शेताचा बांध पावसाने खचत जातो ना, तसेच. पहिल्या वर्षी झीज फार होते. दाढ काढली, तर तिथल्या हाडाची रुंदी वर्षभरात जवळजवळ निम्मी होऊ शकते. वरून हिरडी गुलाबी, गोंडस दिसते. खाली हाड किती उरले, ते डोळ्यांना कळत नाही.

आता स्क्रू म्हणजे काय? टायटॅनियम नावाच्या धातूचा छोटा खुंटाच. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी 1965 साली तो पहिल्यांदा एका रोग्याच्या जबड्यात बसवला. खुंट्याची गोष्ट तुम्हाला आम्ही काय सांगावी? मुरमात ठोकलेला खुंटा बैलाला हलत नाही. भुसभुशीत मातीतला वासरूही उपटते. हाडाचेही तसेच आहे. बाहेर कठीण साल असते, आत जाळीदार गर असतो. खालच्या जबड्याचे पुढचे हाड बहुधा सर्वांत घट्ट. वरच्या जबड्याचे मागचे हाड सर्वांत भुसभुशीत.

हे न कापता पाहायचे कसे? जर्मनीत राँटजेन नावाच्या शास्त्रज्ञाला 1895 साली क्ष-किरण सापडले. हे किरण मांसातून पार जातात, हाडात अडतात. म्हणून फोटोत हाड पांढरे दिसते. पुढच्याच वर्षी, 1896 साली, वाल्कहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी तो पंचवीस मिनिटे न हलता पडून राहिला! आता यंत्र चेहऱ्याभोवती एक फेरी मारते. पंधरा-वीस सेकंदांत पूर्ण जबडा फोटोत येतो. किरण थोडेच लागतात. तरी गरोदर बाईने ते आधी सांगावे.

या फोटोत हाडाची उंची कळते. खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी नस कुठून जाते, तेही कळते. त्या नसेला धक्का लागला, तर ओठ बधिर होतो. पण एक उणीव आहे. भाकरी नुसती वरून पाहिली, तर तिची जाडी कळते का? नाही. फोटोचेही तसेच. जाडी पाहायला स्कॅन लागतो. काकडीचे काप करावे, तसे स्कॅन हाडाचे काप दाखवतो. स्कॅनचे यंत्र इंग्लंडच्या हाउन्सफील्ड या इंजिनिअरने केले. 1971 साली त्यावर पहिला रोगी तपासला गेला. त्यांच्याच नावाचे माप आहे. त्यात पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार. हाड जितके घट्ट, तितका आकडा वर जातो. दातांसाठीचा छोटा स्कॅन निराळा असतो, त्याला सीबीसीटी म्हणतात. त्यावर उंची-जाडी नीट मोजता येते. घट्टपणाचा आकडा मात्र मोठ्या स्कॅनइतका भरवशाचा नसतो. तो अंदाज डॉक्टरच्या हाताला छिद्र पाडताना येतो.

2021 साली कोविडनंतर काळी बुरशी आली, ती तुम्हाला आठवत असेल. रक्तातली साखर वाढलेल्यांना तिने फार गाठले. दात हलू लागत, टाळू काळी पडे. बुरशी वरच्या जबड्याचे हाडच खाई. महाराष्ट्रात हजारो लोकांना ती झाली. कित्येकांचा जबडा काढावा लागला. हाड कुठवर सडले आणि कुठून शाबूत आहे, हे स्कॅन पाहूनच ठरवीत. काहींना पुढे गालाच्या हाडात स्क्रू बसवून दात दिले. तेही स्कॅनवर मापे घेऊनच.

तर आमच्या आजी. त्यांच्या जबड्यात मागे नस अगदी वर आलेली दिसली. तिथे स्क्रू बसवणे धोक्याचे होते. पुढे मात्र दोन जागी हाड पुरेसे होते. आम्ही तसे सांगितले. मुलगा नाराज झाला. त्याला सगळे दात पक्के हवे होते. हाडच नाही, तिथे पैसे घालून काय होणार? आजींची साखरही वाढलेली होती. ती आधी ताब्यात आणली. मग पुढे दोन स्क्रू बसवले. हाडाने ते धरावेत म्हणून तीन महिने थांबलो. नंतर त्यावर कवळी अडकवली.

खर्च मोठा येतो, हे आम्ही लपवत नाही. सर्वांना स्क्रू लागत नाहीत. नीट माप घेऊन केलेली साधी कवळी पुष्कळांना पुरते. सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, नागपूरलाही आहे. तिथे जाल तेव्हा जुने फोटो बरोबर न्या. दर वेळी नवा फोटो काढण्याचे कारण नाही.

आजींनी आपला फोटो मागून घेतला. आता शेजारणी आल्या की, त्या तो उन्हात धरून दाखवतात, "हे पाय, हे मायं हाड. आन् हे दोन खुंटे."