सव्वा महिन्याची राखण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



विवाह, शिक्षण, वसतिगृह या विषयांचा ऊहापोह आपल्या संमेलनात दरवर्षी होतो. आज आम्ही ज्ञातीच्या सर्वांत लहान घटकाविषयी, म्हणजे जन्मून महिनाही न झालेल्या बाळाविषयी, चार शब्द बोलणार आहोत.

बाळंतिणीचा सव्वा महिना आपल्याकडे पूर्वापार जपला जातो. या प्रथेच्या मुळाशी शहाणपण आहे. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बालकांपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच जातात. म्हणून राखण हवीच. प्रश्न एवढाच की, ती कोणी व कशी करावी?

त्याचे उत्तर दूर शोधावयास नको. आपली वैनगंगा पुढे ज्या गडचिरोली जिल्ह्यात जाते, तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांत एक प्रयोग केला. गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, त्यास ऊब देणे, श्वास मोजणे, इतकेच नव्हे तर जंतुदोष ओळखून औषध व इंजेक्शन देणे शिकविले. १९९३-९५ मध्ये तेथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. १९९७-९८ मध्ये ती संख्या २५ वर आली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा वृत्तान्त छापला आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या द्वारे नवजात बालकांची गृहभेट हा शासनाचा कार्यक्रम झाला.

रुग्णालयात प्रसूती झाल्यावर घरभेटी कशास, असे कोणी विचारील. माता दोन-तीन दिवसांत घरी परतते. उरलेला सव्वा महिना घरातच जावयाचा असतो. म्हणून आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी येते. प्रसूती घरी झाली, तर पहिल्या दिवशीही येते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षास आग लागून १० बालके गेली. ते दुःख जिल्हा विसरणार नाही. असे कक्ष सुरक्षित असावेत ही मागणी आपण धरूच. परंतु घरी वेळेवर ऊब, दूध व स्वच्छता मिळाली तर कित्येक बाळांची तेथे जाण्याची पाळीच टळेल, आणि ज्यास जावेच लागेल ते वेळेत पोहोचेल.

आता दोन गोष्टी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. पहिली सुवेराची. बारशापर्यंत परक्या बाईने खोलीत येऊ नये, असे काही घरी अजून मानतात. मग ३ ऱ्या व ७ व्या दिवसाची भेट उंबऱ्यावरच संपते, आणि धोक्याचे दिवस नेमके तेच! आशाताई आपल्या ज्ञातीची असो वा नसो, हात धुऊन येणाऱ्या तिच्यासाठी ते दार उघडलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट माहेरची. पहिलटकरीण लेक तुमसरहून पवनीला किंवा साकोलीहून लाखांदूरला माहेरी येते. सासरच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव असते, माहेरच्या आशाताईस वार्ताही नसते. लेक घरी येताच तिला कळविणे हे आईवडिलांचे काम होय.

घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना आमची विनंती अशी : पहिला चीक फेकू नये, तो बाळास तासाभरात पाजावा. मध, गुळाचे पाणी, घुटी देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध पुरे. अंघोळीची घाई करू नये. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळास तर आईच्या उराशी उघड्या अंगाने धरून ठेवावे. नाळेवर काही लावू नये. बाळ दूध ओढेना, रडणे क्षीण झाले, अंग गार वा तापलेले लागले, हातपाय लुळे पडले, श्वास मिनिटास ६० वा अधिक झाले अथवा छाती आत ओढू लागली, तर झाडपाला, अंगारा यांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

आमच्या भगिनीमंडळांनी गावोगाव गर्भवती स्त्रियांची नोंद ठेवून ती आशाताईस द्यावी, असा ठराव या संमेलनाने करावा, ही आमची सूचना आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी या कामाचा हिशेबही छापला गेला, तर मंडळाचे वर्ष सार्थकी लागले असे आम्ही समजू.