चिकाचा पडदा, उन्हाळ्याआधी



शिमगा तोंडावर आला आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागात आता घरोघरी माठ बाहेर निघतील, कुलरचं जुनं गवत बदललं जाईल. खिडकीवरच्या बांबूच्या चिकाच्या पडद्याकडे मात्र ऊन अंथरुणापर्यंत आल्यावरच लक्ष जातं. तोपर्यंत त्याची दोरी कुजलेली असते, चार कामट्या मोडलेल्या असतात, आणि 'टाकून देऊ, नवा आणू' असं आपण म्हणून जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा पडदा टाकायचा नसतो. त्याचा एकेक भाग सुटा बदलता येतो, आणि बहुतेक काम घरीच होतं.

आधी ऊन येतं कुठून ते पाहू. कलबुर्गी साधारण सव्वासतरा अक्षांशावर आहे, बिदर अठराच्या जवळ. म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी माथ्यावर असतो. ते ऊन माळवदावर किंवा स्लॅबवर पडतं, खिडकीला त्याचा त्रास नाही. तेवढ्यापुरता छज्जा पुरतो. तीननंतर सूर्य पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकून, कलतो आणि तिरपं ऊन छज्ज्याच्या खालून थेट खोलीत शिरतं. छज्जा हातभर पुढे काढला तरी पाच वाजताचं ऊन त्याला अडवता येत नाही. त्याला उभाच आडोसा लागतो.

आणि तो आडोसा काचेच्या बाहेर लागतो. आतल्या पडद्यावर ऊन पडलं की पडदा तापतो, आणि ती धग खोलीतच राहते, कारण काच ऊन आत सोडते पण तापलेल्या वस्तूची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. बाहेरचा चिकही तापतो, पण त्याची धग वारा अंगणातूनच घेऊन जातो. शिवाय कामट्यांच्या फटींतून हवा खेळते. जुन्या जांभ्याच्या घरांत भिंती जाड, खिडक्या लहान, त्यांना लाकडी झडपा. नव्या घरांत सरकत्या काचा आल्या आणि पडदा टांगायला चौकटच उरली नाही. अशा घरात छज्ज्याच्या खालच्या बाजूला दोन मजबूत हुक ठोकून घ्या. आपल्या शहाबादी फरशीचं अंगण दुपारी भट्टीसारखं तापतं, म्हणून पडदा खिडकीपेक्षा वीतभर खाली उतरेल असा असू द्या.

आता दुरुस्ती. पडदा उतरवून जमिनीवर पसरा. आधी कोरड्या ब्रशनं कामट्यांच्या लांबीच्या दिशेनं धूळ काढा, मग पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसा. पाण्यात बुडवू नका. बांबू फुगतो, दोरा आवळतो, आणि वाळल्यावर पडदा वाकडा होतो. पुसून झाल्यावर सावलीत आडवा वाळवा.

कामटी मोडली असेल तर ती बाजूनं अलगद ओढून काढा. दोऱ्याची वीण तिच्या जागी रिकामी राहते, त्याच वाटेनं दुसरी कामटी सरकवा. नवी मिळाली नाही तर पडद्याच्या अगदी तळातली एक काढून वर लावा. पडदा बोटभर आखूड होईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दोरा विरला असेल तर तो तुटायची वाट पाहू नका. जुना दोरा तसाच ठेवून त्याच्या शेजारी नवा घाला. जाड सुती दोरा दुहेरी करून वरच्या पट्टीला अडकवा. एक पदर पुढून, एक मागून. प्रत्येक कामटीनंतर पदरांची अदलाबदल करायची, पुढचा मागे, मागचा पुढे. दाभण हाताशी असेल तर काम झपाट्यानं होतं.

मग ओढायची दोरी. ती वरच्या पट्टीला मागच्या अंगानं बांधलेली असते, खाली उतरते, पडद्याखालून पुढे येते आणि वर कप्पीतून जाते. चार फूट उंच आणि तीन फूट रुंद पडद्याला डावी-उजवी अशा दोन्ही दोऱ्या मिळून साधारण २५ फूट दोरी लागते. विकत घेताना थोडी जास्तच घ्या. कप्पी अडकत असेल तर तिच्या आसाला तेलाचा थेंब पुरतो. आणि लहान मुलांच्या घरात एक गोष्ट कटाक्षानं पाळा. दोरीचा फास लोंबकळत ठेवू नका. मुलाच्या गळ्यात तो अडकून जीव जाऊ शकतो. भिंतीत उंचावर खुंटी ठोकून दोरी तिथे गुंडाळा, आणि पाळणा, पलंग त्या खिडकीपासून दूर ठेवा. घरातल्या पट्ट्यांच्या ब्लाइंड्सनाही हाच नियम.

पडद्याखाली पिठासारखी पूड दिसली तर बांबूला भुंगा लागला आहे. बांबूतल्या पिष्टावर तो जगतो. पोखरलेल्या कामट्या काढून जाळा, उरलेल्यांना टाकणखार आणि बोरिक पावडर पाण्यात विरघळवून त्याचा हात द्या. हे पाणी पोटात जाऊ देऊ नका, मुलं आणि गुरं यांच्यापासून लांब ठेवा. नवा बांबू घेताना थंडीच्या दिवसांत तोडलेला मागा. त्यात पिष्ट कमी, म्हणून कीडही कमी. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे बांधावर बांबू लावणं आता शेतकऱ्याला अधिक सोयीचं आहे.

जे घरी जमत नाही ते बांबूकाम करणाऱ्या मेदारांकडे न्या. पलीकडे महाराष्ट्रात त्यांना बुरूड म्हणतात. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, जे शिवशरण जमले, त्यांत मेदार केतय्या होते. बांबूकाम हेच त्यांचं कायक, म्हणजे निष्ठेनं करायचं काम. त्यांची कन्नड वचनं 'गवरेश्वर' या मुद्रेनं ओळखली जातात. टोपली विणणाऱ्या हाताला त्या काळी या भूमीनं पंगतीत मान दिला. आज निदान त्या हाताला काम तरी द्यावं.

वाळ्याची तट्टी असेल तर दोन शब्द तिच्याबद्दल. ओल्या तट्टीतलं एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. बर्फाइतकं थंड पाणी जवळजवळ सहा लिटर उकळीला आणायला ती पुरेल. म्हणून आपल्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तट्टी गारवा देते, आणि आभाळ भरून आलं की तिचा उपयोग संपतो. तिच्यातून वारा आत आला पाहिजे आणि समोरच्या खिडकीतून बाहेर गेला पाहिजे. बोअरच्या जड पाण्यानं वाळ्याच्या मुळांवर पांढरा थर बसतो, तो झटकून काढा. मृगाआधी तट्टी खडखडीत वाळवूनच माळ्यावर ठेवा, नाही तर बुरशी येते.

तेव्हा या रविवारी शिडी लावा, पडदा उतरवा. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोरे हातानं ओढून पाहा. पटकन तुटणारा दोरा आत्ताच सापडला तर दुपारभराचं काम आहे. मे महिन्यात सापडला तर बाजारात नव्या पडद्याचे पैसे मोजावे लागतील, आणि मेदाराच्या दारातही तेव्हा रांग असेल.