मदतीच्या यादीत बाळंतपण कुठे आहे?

(नगर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या भुईकोट किल्ल्यात नेहरू १९४२ ते १९४५ कैदेत होते, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते इथे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये वारले. वय अवघं ३२. नेहरूंच्याच पुढाकाराने ते तिकडे गेले होते.

चीनवर जपानचं आक्रमण झालं आणि मदतीची हाक आली, तेव्हा आपण स्वतःच गुलाम होतो. तरी १९३८ मध्ये काँग्रेसने लोकवर्गणी काढून पाच डॉक्टर पाठवले. पाचही पुरुष. कोटणीसांनी तिथे जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि विद्यार्थ्यांना शिकवलंही. क्वो छिंगलान तिथेच नर्सिंग शिकवत. १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं. कोटणीस गेले तेव्हा मूल चार महिन्यांचंही नव्हतं.

शांतारामबापूंच्या सिनेमाने कोटणीस घरोघर पोचले. छिंगलानचं नाव मात्र आपल्यापैकी किती जणींना ठाऊक होतं? शुश्रूषा करणारी बाई अशीच मागे राहते.

आणि जिला उपचार हवेत ती बाई? बॉम्ब पडतात म्हणून कळा थांबत नाहीत. आणीबाणीत पहिल्या दिवसापासून सुरक्षित बाळंतपण, बलात्कारानंतरचे उपचार आणि गर्भनिरोधकं मिळालीच पाहिजेत, हे आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरवलं आहे. बाळंतपणाच्या पुडक्यात असतं काय? साबण, प्लास्टिकचा कागद, नवं ब्लेड, नाळ बांधायला दोरा. इतकंच. तरी ते राहून जातं. पूरग्रस्तांसाठी मी स्वतः यादी केली तेव्हा धान्य, चादरी, औषधं, सगळं लिहिलं. छावणीत एक बाई कानाशी येऊन म्हणाली, "ताई, पाळीसाठी काही आणलंय का?" मी मान खाली घातली.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० पासून डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्या कामाला परदेशातून पैसाही आला. पण देणगी संपते, शिकलेले हात गावातच राहतात.

म्हणून गाझासाठी, सुदानसाठी किंवा शेजारच्या तालुक्यासाठी मदत मागायला कुणी आलं, तर जरूर द्या. मात्र आधी तीन प्रश्न विचारा. यादी करताना बायकांना विचारलं का? तीत बाळंतपण आणि पाळी आहे का? तिथल्या बायकांना शिकवायला पैसे ठेवलेत का?

हे विचारणं म्हणजे खोडा घालणं नव्हे. तीही मदतच आहे.