आवडलेले पुस्तक दुसऱ्याला सांगा

(साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



आज तुमचा वर्ग पुरा झाला. तुम्हाला अक्षरे आली, सही आली, एस.टी.ची पाटी वाचता येऊ लागली. गावाने नारळ फोडला, पेढे वाटले. मीही पेढा खाल्ला. पण पेढा खाल्ल्यावर एक कडू गोष्ट सांगणार आहे. रागावू नका.

अक्षरे पुसतात. पाटीवरची पुसतात, तशी डोक्यातलीही पुसतात.

आमच्या गावात असाच एक वर्ग झाला होता. त्यात एक मावशी होत्या. साऱ्या वर्गात त्यांचा पहिला नंबर. दोन वर्षांनी एका सकाळी त्या माझ्या दारात आल्या. हातात औषधाच्या दोन बाटल्या. नातवाचा कान दुखत होता, अंगात ताप होता. एक औषध पोटात घ्यायचे होते आणि एक कानात घालायचे होते. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, कुठलं कुठं घालायचं ते वाचता येईना. अक्षरं दिसत्यात, पण बोलत न्हाईत."

मी बाटल्या वाचून दिल्या. काही वाईट झाले नाही. पण माझा दिवस गेला तो त्याच विचारात. या बाईंना मीच शिकवले होते. मग चुकले कुठे?

चुकले ते इथे. मी त्यांना अक्षरे दिली, पण वाचायला काही दिले नाही. विहीर खणली आणि दोर द्यायचा विसरलो.

ही गोष्ट आमच्या एकट्या गावाची नाही. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती साऱ्या महाराष्ट्रात गेली. गावेच्या गावे साक्षर झाली, समारंभ झाले. फार मोठे काम झाले ते. पण पुढे ज्यांच्या हाती पुस्तक पडले नाही, त्यातले पुष्कळ लोक पुन्हा अंगठ्यावर आले. शिकलेले टिकवायचे तर रोज चार ओळी तरी वाचल्या पाहिजेत. आणि रोज वाचायचे तर वाचावेसे वाटेल असे काही हवे.

म्हणून आम्ही एक बैठक सुरू केली. दर गुरुवारी रात्री, जेवणे झाल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात. देवळाची ओसरी मोठी होती, पण तिथे सगळेच मोकळेपणाने येतील की नाही, अशी शंका होती. शाळा सगळ्यांची. पहिल्या रात्री आम्ही नऊ जण होतो. त्या मावशी होत्या. एक गवंडीदादा होते. शिलाई मशीन चालवणारी एक ताई होती. एका धनगराच्या घरची सून होती. तालुक्याच्या वाचनालयातून मी पिशवीभर पुस्तके आणली होती. ज्याला जे हवे ते त्याने घ्यायचे.

नियम तीनच ठेवले. पहिला, जेवढे वाचले तेवढ्यावरच बोलायचे. दहा पाने वाचली तर दहा पानांचेच सांगायचे. दुसरा, आवडले नाही तर तसे सरळ म्हणायचे. तिसरा, हे पुस्तक कोणाला द्यावे, ते शेवटी सांगायचे.

पहिल्यांदा मावशी बोलल्या. त्यांनी 'श्यामची आई' नेली होती. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. 1935 साली ते छापून आले. श्याम आपल्या आईच्या आठवणी रोज रात्री मित्रांना सांगतो. अशा 42 रात्री आहेत. एका रात्रीची गोष्ट चार-सहा पानांत संपते. नव्याने वाचणाऱ्याला हे फार सोयीचे. एका दिवसाला एक रात्र घ्यावी आणि दिवा मालवावा.

मावशी म्हणाल्या, "आठ दिवसांत तीन रात्री झाल्या माझ्या. बोट ठेवून वाचलं. एकदा रडू आलं तर ओळ चुकली, पुन्हा पहिल्यापासून धरली."

गवंडीदादा लगेच म्हणाले, "मला न्हाई आवडलं. लईच रडवतंय. दिवसभर विटा उचलायच्या आन् रातच्याला पुन्हा रडायचं?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमची आई घरात हाय. म्हणून तुम्हांला रडू नको वाटतंय."

दादा गप्प झाले. पण त्यांचे मत त्यांनी बदलले नाही आणि कोणी बदलायलाही लावले नाही. पुस्तक सगळ्यांनाच आवडले पाहिजे असे थोडेच आहे? एकाला भाकरी आवडते, एकाला भात.

दादांना आवडली ती अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा'. अण्णाभाऊंचा जन्म 1920 साली वाटेगावचा. ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. शाळेत ते दीडच दिवस गेले, असे सांगतात. घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला गेले. तिथे मिळेल ते काम केले, गिरणीत राबले आणि पाट्या वाचत वाचत शिकले. त्याच माणसाने पुढे ढीगभर पुस्तके लिहिली. 'फकिरा' 1959 साली आली. ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

दादा म्हणाले, "दुष्काळ पडलाय. माणसं भुकेनं मरायला लागल्यात. फकिरा धान्य लुटतो आन् भुकेल्यांना वाटतो. गुरुजी, ही चोरी म्हणायची का?"

झाले! त्या रात्री अर्धी बैठक एकीकडे, अर्धी दुसरीकडे. कोणी म्हणाले चोरी ती चोरी. कोणी म्हणाले, पोर भुकेने मरताना जो कोठाराला कुलूप घालून बसतो, त्याला काय म्हणाल? अकरा वाजले तरी वाद मिटेना. पण पुढच्या गुरुवारी 'फकिरा' मागायला चौघे जण आले. भांडणाने पुस्तकाचे गिऱ्हाईक वाढते, हे मला तेव्हा कळले.

मग शिलाईवाल्या ताईची पाळी आली. तिने बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचले होते. बेबीताई फलटणला राहत. घरचे छोटे दुकान चालवत. सामान बांधायला जी रद्दी येई, तिच्यातले कागद त्या वाचायच्या. दुकानात बसूनच त्यांनी आपल्या समाजाची कहाणी लिहून काढली. घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लिहिलेले लपवून ठेवले. पुष्कळ वर्षांनी ते बाहेर आले. 1986 साली पुस्तक निघाले.

महारवाड्यातले जुने जिणे त्यात आहे. गावाने काय केले ते आहे, आणि घरातल्या सासुरवाशिणीचे घरातच काय हाल झाले, तेही आहे. बेबीताईंनी दुसऱ्याचे दोष सांगितले, तसे आपल्या घरातलेही झाकले नाहीत.

ताईने दोन पाने वाचून दाखवली. व्हरांडा गप्प झाला. एक म्हातारे काका म्हणाले, "जाऊ दे की गं पोरी. जुनं कशाला उकरायचं?"

ताई म्हणाली, "काका, आमच्या म्हाताऱ्यांनी ते सोसलं. तुम्ही नुसतं वाचायचंय."

काका काही बोलले नाहीत. उठूनही गेले नाहीत. निघताना त्यांनी ते पुस्तक मागून घेतले. पंधरा दिवस ठेवले. परत देताना एवढेच म्हणाले, "आमच्या गावातबी पाणी वरनंच वाढायचे." बाकी त्यांनी काही सांगितले नाही. पण मंडळी, तेवढे सांगायलाही त्यांना सत्तर वर्षे लागली होती.

आता धनगराच्या सुनेची गोष्ट सांगतो. ही सून तीन गुरुवार आली आणि मग यायची थांबली. चौकशी केली तर कळले, सासऱ्यांनी बंद केले. "रातच्याला बाईमाणसानं पुस्तक घेऊन बसायचं, ह्यो कुठला धंदा?" असे ते म्हणत.

मी भांडायला गेलो नाही. 'बनगरवाडी' घेऊन गेलो. व्यंकटेश माडगूळकरांचे हे पुस्तक 1955 सालचे. माणदेशातली एक धनगरवाडी. तिथली शाळा बंद पडलेली. एक कोवळा मास्तर ती उघडायला येतो. पोरे रानात मेंढरांमागे, शाळेत येणार कोण? तिथला म्हातारा कारभारी त्या मास्तरला हाताशी धरतो. पुस्तक दीडशे पानांच्या आसपास आहे. वाक्ये लहान, शब्द रोजच्या बोलण्यातले.

मी सासऱ्यांना म्हणालो, "बाबा, यात मेंढरांचं लिहिलंय. मला त्यातलं काही कळत नाही. खरं का खोटं ते तुम्ही सांगा. सूनबाई वाचतील, तुम्ही ऐका."

सून ओट्यावर बसून वाचू लागली. बाबा घोंगडीवर पाठ करून बसले होते. दोन पाने झाली, चार झाली. बाबांनी मान वळवली. मग म्हणाले, "ह्या माणसानं मेंढरं बघितल्यात." पुढे अधूनमधून "आमच्यात असं न्हाय, तसं करत्यात" असेही सांगू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "सूनबाई, त्या मास्तरचं पुढं काय झालं?"

पुस्तकाच्या शेवटी पाऊस दगा देतो. दुष्काळ पडतो. माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. ते ऐकल्यावर बाबा रात्रभर जागे होते, असे सुनेने सांगितले. 1972 च्या दुष्काळात त्यांचेही कुटुंब असेच कळप घेऊन बाहेर पडले होते. परत येताना निम्मी मेंढरे नव्हती. ही गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नव्हती. त्या रात्री प्रथम काढली.

पुढच्या गुरुवारी सून आली. तिच्या मागे बाबाही काठी टेकत आले. त्यांना वाचता येत नाही. पण आमच्या बैठकीत त्यांचे मत घेतल्याशिवाय पुस्तकाला पास म्हणत नाहीत.

आणखी दोन-तीन पुस्तके घाईत सांगतो. बहिणाबाई चौधरींची गाणी घ्या. बहिणाबाई जळगावकडच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत. घरच्यांनी ती कागदावर उतरवली. बहिणाबाई 1951 साली वारल्या आणि 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. बोली खानदेशची आहे, म्हणून पहिल्यांदा अडखळाल. मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा. कान डोळ्यांना वाट दाखवतो.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' जाडजूड आहे. पहिल्या वर्षी घेऊ नका, दुसऱ्या वर्षी घ्या. हसवत हसवत त्या आपला अवघड संसार सांगतात. ज्यांना प्रवासाची आवड आहे, त्यांनी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' धरावा. वरसईचे हे भटजी कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेला गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. भाषा जुनी आहे, पण गोष्ट डोळ्यांसमोर घडते.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पुस्तकं आणायची कुठून?" आपल्या राज्यात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यामुळे पुष्कळ गावांत वाचनालये आहेत, त्यांना सरकारचे अनुदान मिळते. आपल्या गावात नसेल तर शेजारच्या गावात चौकशी करा. थोडी अनामत, थोडी वर्गणी भरावी लागते. कधी पाचगणीकडे गेलात तर भिलार पाहून या. 2017 साली ते पुस्तकांचे गाव झाले. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्या आहेत. कोणीही जावे, बसावे, वाचावे.

हल्ली मोबाईलवरही वाचता येते. त्यालाही माझी ना नाही. पण वाचून झाल्यावर ते कोणाला तरी सांगा. धान्य कणगीत राहिले तर कीड लागते, पेरले तर वाढते. वाचलेल्याचेही तसेच आहे.

आता शेवटची गोष्ट. त्या मावशी आज माझ्याबरोबर आल्या आहेत. त्या पाहा, मागे खांबाला टेकून बसल्या आहेत. औषधाची बाटली आता त्या स्वतः वाचतात. शेजारणींच्या बाटल्याही वाचून देतात. आज येताना त्यांनी 'श्यामची आई' आणली आहे. ही वाचनालयाची प्रत नाही, त्यांनी स्वतः विकत घेतलेली आहे. चुलीपुढे वाचली म्हणून पानांना पीठ लागले आहे. त्यांचे म्हणणे असे की ती इथेच ठेवायची. जो पहिल्यांदा नेईल त्याने पुढच्या गुरुवारी इथे येऊन सांगायचे, किती रात्री झाल्या, कुठे अडले, आणि आता कोणाला द्यायची.

मावशी, पुढे या. पुस्तक तुमच्याच हाताने द्या.

बोला मंडळी, पहिला हात कोणाचा?

विचार करा आणि बोला

1. मावशींना दोन वर्षांनी औषधाची बाटली का वाचता आली नाही?
2. फकिराने धान्य लुटले. तुमच्या मते ते योग्य की अयोग्य? का?
3. "तुम्ही नुसतं वाचायचंय," असे ताई काकांना का म्हणाली?
4. तुमच्या घरात ज्याला वाचता येत नाही, त्याला तुम्ही कोणते पुस्तक वाचून दाखवाल?