बेटाचा धडा

अरण्याचा पाठ देताना प्राथमिक शिक्षकापुढे एक अडचण नेहमी उभी राहते. अरण्यात कोण कोणाच्या आधाराने जगतो, हे आठ वर्षांच्या मुलाला सांगावयाचे कसे? तेथील झाडे असंख्य, प्राणीही असंख्य. बेटाची गोष्ट निराळी. तेथे सृष्टीचा संसार आटोपशीर असतो आणि मुलाला तो बोटांवर मोजता येतो.

मॉरिशसचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांमुळे हे नाव मराठी घरांना परके नाही. मनुष्यवस्तीपूर्वी त्या भूमीवर वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी नव्हता. शत्रूच नसल्यामुळे पारव्याच्या कुळातील डोडो उडणे विसरला. १५९८ साली डच खलाशी उतरले. माणसांच्या गलबतांतून उंदीर, डुकरे व माकडे आली आणि जमिनीवरील अंडी फस्त होऊ लागली. शतक सरण्यापूर्वीच डोडो नामशेष झाला.

बहुतेक पाठ येथेच संपतो आणि मुलांच्या वाट्याला केवळ हळहळ येते. वस्तुतः धड्याचा महत्त्वाचा भाग पुढेच आहे. मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ इल-ओ-एग्रेत नावाचे सुमारे २६ हेक्टरांचे बेट आहे. भारतातील टेंभुर्णीच्या कुळातील आबनूस तेथे वाढतो. जळणासाठी होणारी त्याची तोड थांबली, तरी उजाड भागात नवी रोपे दिसेनात. कारण आबनुसाची फळे खाऊन बी दूर नेणारी राक्षसी कासवे केव्हाच नष्ट झाली होती. २००० साली अल्डाब्रा जातीची तशीच कासवे तेथे आणली गेली. त्यांनी फळे खाल्ली आणि विष्ठेवाटे बी ठिकठिकाणी टाकले. त्यांच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

वर्गात याकरिता फार साहित्य लागत नाही. परातीत मातीचे बेट रचून भोवती पाणी ओतावे. एका मुलाने आबनूस व्हावे, दुसऱ्याने कासव, तिसऱ्याने दूरची मोकळी जमीन. झाडाने कासवाच्या हाती चिंचोका द्यावा, कासवाने तो जमिनीपर्यंत पोचवावा. मग कासवाला खाली बसवावे. चिंचोका झाडाच्याच हाती राहतो. आता काय करावे, हे शिक्षकाने सांगू नये, मुलांना विचारावे.

डोडो परत येणार नाही, हे मुलांना कळलेच पाहिजे. परंतु तुटलेला दुवा वेळीच ओळखला तर काही वेळा तो सांधता येतो, हेही त्यांना याच वयात कळावयास हवे.