पाऊस, धूर आणि दोष



परवा संध्याकाळी ठाण्याच्या टेंभी नाक्यावर चहा घेत उभा होतो. शेजारी मुरबाडकडचे एक शेतकरी होते. कचेरीतले काम आटोपून ते परत निघाले होते. बोलणे पावसावर आले. आपल्याकडे ते कशावरूनही पावसावर येते. तेवढ्यात तिसऱ्या एका गृहस्थांनी एका दमात सांगून टाकले, “सव्वीस जुलैला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो हवामानबदलामुळं पडला, आणि तुम्ही लोक राब जाळता म्हणून ही पाळी आली!”

मुरबाडकर तापले. “म्हणजे आम्हीच चोर! मग तुमचं ते हवामानबदल सगळं थोतांड आहे.”

मी तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना. वाक्य एक, पण त्यात तीन वेगळ्या जातींची विधाने एका दोरीत ओवलेली होती. शेवटचे बोचले म्हणून मुरबाडकरांनी तिन्ही फेकून दिली.

पहिले विधान वस्तुस्थितीचे. आता वस्तुस्थितीचे विधान म्हणजे खरेच विधान, असे समजू नका. वही उघडून, मोजून ज्याचा खरेखोटेपणा ठरवता येतो, ते वस्तुस्थितीचे विधान. २६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटरांची नोंद केली. पण त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर! तेव्हा “मुंबईत” हा शब्दच दुरुस्त करायला हवा. शिक्षकबंधूंनी हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत. मुले आपण होऊन विचारतात, “सर, मग मुंबईत किती पडला?”

दुसरे विधान अनुमानाचे. डोंगरावर धूर दिसला की आग असावी म्हणतो, ते हेच. आग दिसलेली नसते. म्हणून अनुमान म्हणजे अंदाजपंचे, असे मात्र नाही. ते किती पक्के हे पुराव्यावर ठरते. हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. हे मोजमाप. माणसाच्या उद्योगांमुळे पृथ्वी तापली, हे त्यावरून आणि इतर पुष्कळ पुराव्यांवरून काढलेले अनुमान, आणि ते इतके भक्कम की २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात शास्त्रज्ञांनी ते निःसंदिग्ध म्हटले. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की, मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळजवळ तिप्पट झाल्या. तेव्हा असा पाऊस येण्याचा संभव वाढला, असे म्हणायला आधार आहे. पण त्या एका दिवसाचा सगळा पाऊस हवामानबदलानेच पाडला, ही उडी झाली.

आणि पाऊस पडणे वेगळे, पाणी तुंबणे वेगळे. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीला पावसाबरोबर नाल्यांचा आणि मिठी नदीचाही विचार करावा लागला, तो काही उगाच नाही.

राहता राहिला राब. “तुमच्यामुळे ही पाळी आली” हा निवाडा. निवाड्यात दोष कोणाचा, भार कोणी उचलावा, हे येते; ते पर्जन्यमापकात मोजता येत नाही. म्हणून निवाडे करूच नयेत काय? करावेत, करावेच लागतात. पण कशाच्या आधारावर, ते सांगून करावेत. राबाचा धूर होतो, तो छातीला वाईट, हे कबूल. परंतु पाल्यातला कार्बन झाडाने थोड्याच वर्षांपूर्वी हवेतून घेतलेला असतो. दगडी कोळशातला कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला, तो नव्याने हवेत येतो. पृथ्वी तापण्याचे मुख्य कारण कोळसा, तेल आणि वायू जाळणे हे आहे. भाताच्या रोपासाठी वाफा भाजणाऱ्याच्या माथी महापूर मारणे हा न्याय नव्हे, असे माझे मत. हाही निवाडाच, बरे का!

हे सगळे चहाच्या दोन पेल्यांत सांगून झाले. गृहस्थ केव्हाच निघून गेले होते. मुरबाडकर जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, सांताक्रूझला एवढा नि कुलाब्याला तेवढा. मग आमच्या गावाला किती पडला, हे तालुक्याच्या आकड्यावरून कसं कळायचं?”

मी म्हटले, “नाही कळायचं. गावातच मोजायला हवं.”

“आणि पेरणी लवकर करू की थांबू?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते मी सरळ सांगितले. शाळेत पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला मुलांकडून नोंद करून घेता येईल का, एवढे मात्र गावच्या गुरुजींना विचारा म्हणालो. त्यांनी खिशातल्या कचेरीच्या पावतीमागे ‘साडेआठ’ असे लिहून घेतले आणि एस.टी. गाठायला निघाले.