असिसीचं छत आणि आमचं माळवद



माझी धाकटी बहीण इटलीत पेरुजियाला शिकते. तिच्याकडे गेले तेव्हा एक दिवस आम्ही जवळच्या असिसी गावी गेलो. स्टेशन खाली सपाटीला, गाव वर डोंगरउतारावर; वर जायला बस. घरं सगळी सुबासिओ डोंगराच्या गुलाबीसर दगडाची. चौकात दोन हजार वर्षांचं मिनर्वा देवीचं रोमन देऊळ आहे, त्याचं पुढे चर्च झालं. खांब सहाच्या सहा अजून उभे. पायऱ्यांवर बसून आम्ही डब्यातल्या चपात्या खाल्ल्या. कुणी हटकलं नाही.

पण मला सांगायचंय ते संत फ्रान्सिसच्या मोठ्या चर्चबद्दल. त्याचं बांधकाम १२२८ साली सुरू झालं. आत बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. भिंतींवर फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग ओळीनं रंगवलेत, वाचता येत नसलं तरी गोष्ट कळावी असे.

बहीण हळूच म्हणाली, "ताई, वर बघ. हे छत पडलं होतं."

२६ सप्टेंबर १९९७. रात्री भूकंपाचा एक धक्का बसला. सकाळी नुकसान बघायला माणसं आत गेली आणि दुसरा धक्का आला. छताचे दोन भाग कोसळले, चौघं गेले. त्यात दोन साधू होते, दोन तपासणीला आलेले.

माझ्या पोटात गोळाच आला. मी किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३ ला मी पाच वर्षांची होते. विसर्जन बघून आलेली आम्ही पोरं अंगणातच झोपलो, म्हणून राहिलो. आज्जी आत होती.

असिसीत छत का पडलं, ते बहिणीनं सांगितलं. कमानीच्या पाठीवर, वरच्या पोकळीत, शेकडो वर्षांचा राडारोडा साठला होता. खालून चित्रं दिसायची, वरचं ओझं कुणाला दिसत नव्हतं. धक्क्यात ते ओझंच कमानीला भोवलं.

आता आपलं माळवद आठवा. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची. जुनी तशीच, तिच्यावर नवी. आज्जी दरवर्षी टोपल्या वर चढवायची आणि तिला वाटायचं, घर पक्कं होतंय. खाली भिंती दगड-मातीच्या.

तिकडे त्यांनी राडारोडा काढून छत हलकं केलं, वरून लाकडी कमानींचा आधार दिला. चित्रांचे लाखाहून जास्त तुकडे ढिगाऱ्यातून वेचले, एकेक जुळवत बसले. दोन वर्षांत, नोव्हेंबर १९९९ ला, चर्च पुन्हा उघडलं. संत मॅथ्यूच्या चित्राला त्याहून बरीच वर्षं लागली. तुकडे मिळाले नाहीत तिथे त्यांनी नवीन चित्र काढलं नाही, जागा फिकीच ठेवली. मला ते पटलं. आमच्या जुन्या गावठाणात आज्जीच्या जात्याची एकच तळी सापडली होती. आईनं ती तशीच ठेवलीय, जोडीला दुसरी आणली नाही.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. चित्रांचं तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "वर माती किती होती गं?"

आमच्या गटातल्या दोघींची घरं अजून माळवदाची आहेत. येत्या वैशाखात माती टाकायच्या आधी जुनी खरवडून खाली काढायची, असं गुरुवारच्या बैठकीत ठरलंय. गटातल्या सगळ्या जणी टोपल्या घेऊन जाणार आहोत. तुमच्याकडेही माळवद असेल, तर एकदा शिडी लावून वर किती थर झालाय ते बघून घ्या. आधी तुळया आणि वासे तपासा, मगच वर पाय ठेवा.